सेकंडहँड छोटी गाडी वर्षानुवर्षं चालवायची असेल तर कामं या क्रमाने करा

दीड-दोन लाखात जुनी अल्टो, वॅगनआर, सँट्रो नाहीतर आय-टेन घेतली की पहिल्या आठवड्यात लोक काय करतात ते मी इतक्या वेळा बघितलंय की पाठ झालंय. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, टेफ्लॉन कोटिंग, मग बंपरचं डेंटिंग-पेंटिंग, आणि यात पंधरा-वीस हजार गेले की खिसा रिकामा. मग मे महिन्यात गावाला जाताना घाटात गाडी गरम होते, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याखालचं सील) जातं, आणि "जुनी गाडी घ्यायलाच नको होती" म्हणत ती पडेल भावात विकली जाते. नीट बघितलं तर सुरुवात झालेली असते दोन-तीनशे रुपयांच्या फुगलेल्या होज पाईपपासून. तोच पैसा नीट क्रमाने लावला असता तर गाडी आरामात अजून सात-आठ वर्षं चालली असती, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच. गाडीची किंमत ठरवतानाच वीस टक्के रक्कम बाजूला काढा, म्हणजे दीड लाखाची गाडी असेल तर तीस हजार. हे पैसे पहिल्या तीन महिन्यांत लागणारच आहेत असं धरूनच चाला. तेवढे निघत नसतील तर थोडी स्वस्त गाडी घ्या, पण हे पैसे गाडीच्या किमतीत घालू नका.

टप्पा १ : कागद, पहिल्या पंधरा दिवसांत

गाडी कितीही आवडली तरी आधी कागद. "फॉर्मवर सही घेतलीये, सावकाश करू ट्रान्सफर" हे वाक्य ऐकलं की मला खरंच काळजी वाटते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, सोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आधार-पॅन आणि पत्त्याचा पुरावा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार, त्यामुळे ट्रान्सफर लांबवणं विकणाऱ्यालाही महागात पडू शकतं, हे त्याला समजावून सांगा, तो स्वतःच घाई करेल.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. लोन फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो काढावा लागतो. एनओसीवरची तारीखही बघा, फार जुनी असेल तर परत नवीन मागतात.

चलन थकलेलं आहे का ते परिवहनच्या ई-चलन साईटवर आणि महाट्रॅफिक ॲपवर, दोन्हीकडे, गाडी नंबर टाकून बघा आणि पैसे द्यायच्या आधी बघा. नंतर ते तुमच्याच गळ्यात पडतं.

इन्शुरन्समध्ये लोक हमखास चुकतात. गाडी विकली की थर्ड पार्टीचं संरक्षण नवीन मालकाकडे येतं, पण तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम हवा असेल तर १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. आणि नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नसतो. जुन्या मालकाचा पन्नास टक्के बोनस तुम्हाला मिळत नाही, फरक भरावा लागतो. तो न भरता तशीच पॉलिसी चालू ठेवली तर क्लेमच्या वेळी अडकता.

गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीये का बघा. नसेल तर मालकाला आत्ताच लावून द्यायला सांगा.

⚠ सावध : दिल्ली पासिंगची गाडी फार स्वस्त मिळते म्हणून भुलू नका. तिथे जुन्या गाड्यांवर वयाची बंधनं आहेत म्हणून त्या बाहेर येतात. महाराष्ट्रात आणताना तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वाली एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. हे सगळं जमेत धरलं की बऱ्याचदा स्वस्ताई संपते.

टप्पा २ : खर्च करायच्या आधी नुसतं बघा

गाडी घरी आली की लगेच वॉशिंगला नेऊ नका. आहे तशी एक आठवडा चालवा आणि रात्री जिथे लावता तिथे इंजिनखाली जुनं वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा टाका. सकाळी त्यावर काय पडलंय ते बघा. काळपट थेंब म्हणजे इंजिन ऑइल, हिरवट किंवा लालसर गोडसर वासाचं म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), नुसतं पाणी म्हणजे बहुतेक एसीचं, त्याची चिंता नाही. अख्ख्या तपासणीत मला हीच सगळ्यात भरवशाची वाटते, खर्च शून्य.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना स्टार्ट करा आणि मागे जाऊन धूर बघा. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर थंडीत मिनिटभर येतोच, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ चॉकलेटी साय दिसली तर लगेच घाबरू नका, पावसाळ्यात रोज दोन-दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीतही ती धरते, पण डिपस्टिकवरचं (तेल मोजायच्या पट्टीवरचं) तेलही तसंच दुधाळ दिसलं तर गाडी थेट गॅरेजला.

पुराची गाडी ओळखायची असेल तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूणमध्ये कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि साफ करून परत बाजारात आलेली गाडी वरून चकाचक दिसते. पण बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहून जाते, तशीच डॅशबोर्डखालच्या कनेक्टरमध्ये आणि स्टेपनीच्या खड्ड्यातही. कार्पेटची कड उचलून नाक लावा, कुबट वास लपत नाही. अर्थात हे गाडी घ्यायच्या आधी केलं तर फारच बरं.

✔ तपासा : जे जे सापडलं ते दहा रुपयांच्या वहीत तारीख आणि किलोमीटरसकट लिहा. ही वही गाडी असेपर्यंत डॅशबोर्डच्या कप्प्यात राहणार आहे.

टप्पा ३ : कूलिंग, सगळ्यात आधी

मेकॅनिककडे जाऊन "सगळं बघून घ्या" म्हणू नका. असं म्हटलं की तो त्याला सोपं वाटेल ते करतो. तुम्ही यादी घेऊन जा आणि यादीत पहिलं नाव कूलिंगचं असू दे. छोटं ॲल्युमिनियमचं हेड असलेलं इंजिन एकदा नीट तापलं की वाकतं आणि मग बिल थेट पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातं. बाकी काही बिघडलं तर गाडी बंद पडते, हे बिघडलं तर इंजिनच जातं.

क्रम असा. आधी गळती शोधा : रेडिएटरचे वरचे-खालचे होज, हीटरचे दोन पाईप, वॉटर पंप. होज गार असताना दाबून बघा, फार मऊ लागला किंवा दाबल्यावर बारीक भेगा दिसल्या तर बदला, आणि एक गेला असेल तर सगळे एकदम बदला कारण वय सगळ्यांचं सारखंच आहे. मग रेडिएटरचं झाकण. आतलं प्रेशर टिकून राहतं म्हणूनच कूलंट शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की प्रेशर सुटतं आणि कूलंट उकळून बाहेर येतं. झाकण स्वस्त आहे, संशय आला की नवीनच घ्या.

त्यानंतर फॅन. एसी बंद ठेवून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत फॅन आपोआप सुरू होऊन थोड्या वेळाने बंद व्हायला हवा. एसी लावल्यावर फॅन फिरतोय म्हणजे ठीक आहे असं समजू नका, त्याचा मार्ग वेगळा असतो आणि टेंपरेचर सेन्सर खराब असेल तर एसी बंद असताना फॅन फिरणारच नाही. आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढून टाकलेला नाही ना हेही विचारा. "गाडी गरम होते" म्हटलं की काही ठिकाणी सरळ थर्मोस्टॅटच काढून टाकतात, मग इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

हे सगळं झाल्यावरच जुनं कूलंट पूर्ण काढून नवीन भरा. तयार मिसळलेलं मिळतं ते घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी कधीच नको, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतात, घरच्या गिझरची कॉइल आठवा. भरून झालं की हवा काढणं महत्त्वाचं, आत हवेचा बुडबुडा राहिला तर नवं कूलंट घालूनही गाडी तापते.

⚠ सावध : काही छोट्या गाड्यांना टेंपरेचरचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला म्हणजे "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" करायचं नाही. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. गरम झाकण उघडल्याने चेहरा भाजलेला माणूस मी स्वतः बघितलाय.

टप्पा ४ : तेल आणि बेल्ट

आधीच्या मालकाने "आत्ताच ऑइल बदललंय" सांगितलं तरी बदला. फिल्टरसकट. कोणत्या ग्रेडचं ते मॅन्युअलमध्ये बघा, काउंटरवाला देईल ते घेऊ नका, जुन्या गाडीत जाड तेल घातलं की आवाज कमी होतो म्हणून घालतात पण सकाळच्या स्टार्टला ते वर चढायला वेळ लागतो. या छोट्या इंजिनात तेल असतं तीन लिटरच्या आसपास, म्हणजे एक लिटर जळलं की एक तृतीयांश गेलं. त्यामुळे दर रविवारी डिपस्टिक बघायची. जुन्या गाडीत सात-आठ हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला. इंजिन फ्लश वगैरे नको, वर्षानुवर्षं बसलेली घाण एकदम सुटून तेलाच्या जाळीत अडकते.

आता टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या आतल्या भागांची वेळ जुळवणारा पट्टा, तो तुटला की गाडी बंद पडते. अल्टो ८०० चं ७९६ सीसी इंजिन, जुनी १०६१ सीसीवाली वॅगनआर, सँट्रो, आय-टेनचं १.१ इंजिन, या सगळ्यांना रबरी टायमिंग बेल्ट आहे. मारुतीच्या के-सिरीज इंजिनवाल्या गाड्यांना चेन आहे, त्यांना ही काळजी नाही. बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजा. टेन्शनर बेअरिंगही (बेल्ट ताणून धरणारं) सोबत बदला, आणि ज्या इंजिनात वॉटर पंप बेल्टच्या मागे आहे तिथे पंपही तेव्हाच बघून घ्या, कारण नंतर परत तेवढीच मजुरी द्यावी लागते.

टप्पा ५ : थांबणं आणि वळणं

इथे क्रम चुकला की पैसे अक्षरशः पाण्यात. नवीन टायर घेतात, अलाइनमेंट करतात, महिन्याने कळतं लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याची रबरं) गेलेले होते. ते बदलले की अलाइनमेंट परत, आणि तोवर टायर एका बाजूने झिजलेले. म्हणून आधी सस्पेन्शन : लोअर आर्म बुश, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे रॉड एंड, स्ट्रट माउंट, व्हील बेअरिंग. मग ब्रेक. मग टायर. आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंग सगळ्यात शेवटी.

ब्रेकमध्ये पुढचे पॅड सगळे बघतात, मागचे ड्रम कोणी उघडत नाही. उघडायला लावा, आतली काळी पूड साफ करून शू बघा, व्हील सिलिंडर गळतोय का बघा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचंच, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि घाटात सतत ब्रेक मारल्यावर त्या पाण्याची वाफ होते, पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

टायरवर डॉट (DOT) शब्दाच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२१९ लिहिलं असेल तर २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सहा वर्षांच्या वरचा टायर मी हायवेला नेत नाही. स्टेपनीचेही आकडे बघा, ती बहुतेक वेळा गाडीच्याच वयाची निघते.

✔ तपासा : रिकाम्या सरळ रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढली तर काम पूर्ण झालेलं नाही, पैसे द्यायच्या आधी परत आत घ्यायला सांगा.

टप्पा ६ : करंट

स्टार्टला त्रास झाला की लगेच नवीन बॅटरी घेऊ नका. आधी टर्मिनल साफ करा, मग इंजिन चालू असताना मल्टिमीटर लावा, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर दोष अल्टरनेटरकडे (बॅटरी चार्ज करणारा भाग) आहे, नवी बॅटरीही महिन्यात बसेल. एसीचंही तसंच, गळती न शोधता गॅस भरला तर पुढच्या उन्हाळ्यात परत भरावा लागणार.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर वायरी खातात, म्हणून गाडी रोज हलवत राहा. गाडीत खाण्याचं काही ठेवू नका, अगदी बिस्किटाचा पुडासुद्धा.

टप्पा ७ : पेट्रोल आणि सीएनजी

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. घाबरून जायचं कारण नाही, पण टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी पाईप वर्षातून एकदा बघून घ्या, पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी. इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे अर्धी टाकी भरून गाडी दोन-तीन महिने उभी करू नका. ॲव्हरेज थोडं कमी मिळणार हे धरून चाला.

सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तारीख प्लेटवर असते. बाहेरून किट बसवलेलं असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद हवी. नोंद नसलेलं किट असलेली गाडी मी घेणार नाही, इन्शुरन्सवाल्याला नकार द्यायला तेवढं कारण पुरतं.

टप्पा ८ : गंज, आणि मग हौस

कोकणातली किंवा मुंबईत समुद्राजवळ राहिलेली गाडी असेल तर हा टप्पा वर घ्या. दरवाज्यांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. काडीने मोकळी करा. वायपरखालच्या जाळीत झाडाचा पाला अडकला की पावसाचं पाणी थेट पायाशी येतं, बरेच जण याला काचेची गळती समजून काचेचं रबर बदलत बसतात. जिथे गंज दिसतो तिथे पांढरा पत्रा दिसेपर्यंत तो घासून काढा, प्रायमर मारा, मगच रंग. गंजावर सरळ अंडरकोटिंग मारलं तर ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पत्र्याला भोक पडतं.

हे झालं की खुशाल सीट कव्हर घ्या.

टप्पा ९ : वर्षाचं वेळापत्रक

होळीच्या आसपास कूलंटची पातळी, होज, फॅन, एसी. मृगाच्या आधी वायपर, टायर, दरवाज्यांची भोकं, सगळे दिवे. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतोच, त्याच्या आदल्या आठवड्यात मागचे ड्रम उघडून साफ करून घ्या आणि कार्पेट काढून उन्हात वाळवा. पीयूसीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर, बीएस-४ (प्रदूषणाचं मानक) आणि त्यानंतरच्या गाडीला वर्षाने आणि त्याआधीच्या गाडीला सहा महिन्यांनी.

आणि बिघाड शोधताना एका वेळी एकच पार्ट बदला. गाडी झटके मारतेय म्हणून प्लग, कॉइल, पेट्रोल पंप, सेन्सर सगळं एकदम बदललं तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. माझ्या गाडीचं एकदा असंच झालं, तीन गॅरेज फिरून नऊ हजार गेले आणि शेवटी बिघाड निघाला अर्थिंगच्या गंजलेल्या वायरीत. तेव्हापासून बदललेला जुना पार्ट मी परत मागून घेतो. तुम्हीही मागा.

टप्पा १० : चालवताना

स्टार्ट केल्यावर पंधरा-वीस सेकंद थांबून निघा आणि पहिले दोन किलोमीटर हळू. ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय ठेवून बसू नका, चढावर हाफ क्लचने गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक त्यासाठीच आहे. आंबा घाट असो की वरंधा, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरवणं हा शुद्ध धोका आहे, आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना पेट्रोल तसंही बंदच होतं.

⚠ सावध : साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. ढकला, टो करा, काहीही करा, चावी फिरवू नका.

टप्पा ११ : पंधरा वर्षं झाली की

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. तारीख संपायच्या आधी ६० दिवसांपासून फॉर्म २५ भरता येतो, आरटीओ गाडी तपासते आणि पास झाली तर ५ वर्षं वाढवून मिळतात. एप्रिल २०२२ मध्ये कारची ही फी ५००० रुपये झाली, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर महिन्यागणिक दंड चढतो. तपासणीला नेण्याआधी हेडलाईट, हँडब्रेक, हॉर्न, वायपर, सीट बेल्ट आणि सायलेन्सरची गळती एवढं घरीच बघा, बऱ्याच गाड्या असल्याच किरकोळ गोष्टींवर परत पाठवतात.

इंजिनचा खर्च आला म्हणून गाडी सोडायची गरज नसते, या छोट्या इंजिनांचे पार्ट गावोगावी मिळतात. पण चेसिसचा पत्रा, म्हणजे सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, गंजून पोकळ झाली असेल तर तिथे वेल्डिंग करून चालवू नका, तिथेच थांबा. आणि तेव्हा गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला नुसतीच देऊन टाकू नका, त्याने नोंदणी तुमच्या नावावरच राहते. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथून ठेव प्रमाणपत्र (गाडी जमा केल्याचं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) घ्या, आणि आरटीओत नोंदणी रद्द झालीये हे परिवहनच्या साईटवर गाडी नंबर टाकून दिसेपर्यंत वही आणि कागद फेकू नका.